समुद्र कोणाचा? जर्सी शोअरच्या नियमांची गोष्ट

न्यू जर्सीत राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच उन्हाळ्यात दोन शोध लागतात. पहिला म्हणजे घरापासून तासाभरावर चक्क समुद्र आहे. आणि दुसरा म्हणजे त्या समुद्राकडे जायला बिल्ला लागतो! गुहागरला, दिवेआगरला किंवा गणपतीपुळ्याला वाळूवर पाय ठेवायचे पैसे आपल्याकडे कुणी कधी मागितले नव्हते. इथे मात्र मिनीव्हॅन पार्क करून, छत्री, चटया, दशम्यांचा डबा आणि आजी-आजोबांना घेऊन बोर्डवॉकवर पोचावं, तर खुर्ची टाकून बसलेला कॉलेजचा पोरगा माणशी दहा डॉलरच्या आसपास मागतो. शिवाय शेजारी नियमांची पाटी असतेच. कुत्रा नको, दारू नको, सिगारेट नको, तंबू नको, चेंडू नको, वाळूच्या टेकडीवर पाय नको.

आमच्या मित्रमंडळींत यावरून दर वर्षी वाद होतो. एका पक्षाचं म्हणणं, "हे सगळं आपल्यासारख्या बाहेरच्यांना लांब ठेवायला काढलंय." दुसरा पक्ष म्हणतो, "नियम म्हणजे नियम. पैसे भरा आणि मजा करा." मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट. क्लायंटकडे वीस-तीस वर्षांचा जुना प्रोग्रॅम समोर आला, की त्यात हमखास एखादी विचित्र ओळ सापडते. ती का लिहिली हे सांगणारा माणूस केव्हाच रिटायर झालेला असतो. अशी ओळ डोळे मिटून पाळायची नसते आणि रागाने पुसून टाकायचीही नसते. ती कुणी आणि कशासाठी लिहिली ते आधी शोधायचं असतं. त्याच सवयीने मी शोअरच्या नियमांचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता लक्षात आलं, की आमच्या मित्रमंडळींतले दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत.

देवाच्या नावाने वसलेली गावं

या किनाऱ्यावरच्या काही गावांचा जन्मच मुळी धार्मिक मेळाव्यांतून झाला. गार्डन स्टेट पार्कवेच्या एक्झिट १०० ने उतरलं, की समुद्राकाठी ओशन ग्रोव्ह लागतं. १८६९ मध्ये मेथडिस्ट पंथाच्या धर्मगुरूंनी उन्हाळी मेळाव्यासाठी तिथे तंबू ठोकले. आपल्याकडे वारीत जसे तंबू आणि राहुट्या पडतात, तसंच काहीसं. फरक इतकाच, की इथले तंबू पुढे कायमचे झाले. आजही उन्हाळ्यात तिथे शंभराहून जास्त तंबूघरं उभी राहतात आणि कुटुंबं पिढ्यान्पिढ्या त्यांत येऊन राहतात. मधोमध १८९४ साली बांधलेलं प्रचंड लाकडी सभागृह आहे. गावातली जमीन अजूनही त्या धार्मिक संस्थेच्या मालकीची आहे. घर तुमचं, पण जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने!

जमीन संस्थेची, म्हणून नियमही संस्थेचे. दारूबंदी होतीच. शिवाय रविवार हा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, म्हणून त्या दिवशी समुद्रस्नान बंद आणि गावात गाडी चालवायलाही बंदी. शनिवारी मध्यरात्रीच्या आत गावकऱ्यांना आपल्या गाड्या गावाबाहेर नेऊन लावाव्या लागत. पॅरामसचे मॉल रविवारी बंद पाहून आपल्याला नवल वाटतं. तेही त्याच जुन्या रविवारच्या कायद्यांचं शेंडेफळ.

हे असं शंभर वर्षांहून जास्त चाललं. पुढे रविवारी पहाटे वर्तमानपत्र टाकायला गाडी लागते, ही साधी अडचण कोर्टात गेली आणि १९७७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने पेपर टाकणाऱ्याला वाट मोकळी करून दिली. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याच कोर्टाने मुळावरच घाव घातला. धार्मिक संस्थेला स्वतःचे पोलीस, स्वतःचं न्यायालय आणि कायदे करण्याचा अधिकार देणं घटनेत बसत नाही, असा निकाल दिला. नेपच्यून टाउनशिपकडे कारभार गेला आणि रविवारी गाड्या फिरू लागल्या. रविवारी सकाळी बीच बंद ठेवण्याची प्रथा मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं टिकली. २०२३ मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने ती थांबवण्याचा आदेश काढला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ओशन ग्रोव्हचा किनारा रविवारी सकाळीही उघडा झाला. म्हणजे १८६९ ची एक ओळ काढून टाकायला दीडशे वर्षांहून जास्त काळ लागला!

दक्षिणेकडचं ओशन सिटीही असंच. १८७९ मध्ये मेथडिस्ट धर्मगुरूंनी वसवलेलं हे गाव आजतागायत कोरडं आहे. गावात दारू विकत नाहीत. हॉटेलात स्वतःची बाटली नेऊ द्यावी का, यावर २०१२ मध्ये मतदान झालं, तेव्हा गावकऱ्यांनी मोठ्या बहुमताने नाही म्हटलं. तिथे हा नियम कुणी लादलेला नाही. लोकांनी तो पुन्हा निवडलाय. कुटुंबासाठीचं गाव म्हणून त्यांचं नाव आहे आणि त्यावरच त्यांचा उन्हाळा चालतो.

मोजे, झेंडे आणि फळ्यांचा रस्ता

काही नियम मात्र आज वाचून हसू येतं. एकोणिसाव्या शतकात केप मेच्या किनाऱ्यावर स्त्री-पुरुषांच्या स्नानाच्या वेळा वेगळ्या असत. पांढरा झेंडा लागला की बायकांची वेळ, लाल झेंडा लागला की पुरुषांची. पुढे दोघं एकत्र पोहू लागले तेव्हा कपड्यांचे नियम आले. बायकांनी लोकरीचा पोशाख आणि पायांत लांब मोजे घालायचे. १९२१ मध्ये अटलांटिक सिटीत लुईस रोझीन नावाच्या लेखिकेने मोजे गुडघ्याच्या वर ओढायला साफ नकार दिला. पोलिसाने अडवलं, तशी तिने त्याला ठोसा लगावला आणि ती तुरुंगात गेली. पुरुषांनी हसायचं कारण नाही. १९३० च्या दशकापर्यंत त्याच किनाऱ्यावर उघड्या छातीने फिरणाऱ्या पुरुषांनाही पोलीस पकडत होते. आपले आजोबा पंचा नेसून समुद्रात उतरले असते, तर थेट कोठडीत!

बोर्डवॉकसुद्धा मुळात एका तक्रारीतून आला. किनाऱ्यावरून परतणारे लोक हॉटेलच्या गालिच्यांवर आणि रेल्वेच्या डब्यांत वाळू आणत. त्याला वैतागून १८७० मध्ये अटलांटिक सिटीतल्या एका हॉटेलवाल्याने आणि बोर्डमन आडनावाच्या रेल्वे कंडक्टरने लाकडी फळ्यांची वाट घालून घेतली. 'पाय झटकून या' एवढाच त्यामागचा हेतू. आज शोअर म्हटलं की डोळ्यांसमोर आधी बोर्डवॉकच येतो.

पाटीवर न लिहिलेला नियम

इथवर गोष्ट गमतीची आहे. पण या किनाऱ्यावर आणखी एक नियम होता आणि तो मात्र गमतीचा नव्हता.

ओशन ग्रोव्हला लागून, एका तळ्यापलीकडे अ‍ॅस्बरी पार्क आहे. १८७१ मध्ये जेम्स ब्रॅडली या ब्रशच्या कारखानदाराने तिथे ५०० एकर जागा घेतली आणि गाव वसवलं. बोर्डवॉक, किनारा, सगळं त्याच्या मालकीचं. गावातली हॉटेलं, धोबीखाने, स्वयंपाकघरं काळ्या कामगारांवर चालत होती. पण १८८० च्या दशकात गोऱ्या पर्यटकांनी तक्रारी सुरू केल्या, तेव्हा त्या कामगारांना बोर्डवॉकवर आणि किनाऱ्यावर यायला ब्रॅडलीने निर्बंध घातले. दिवसभर चादरी धुवायच्या, पण संध्याकाळी वारा खायला जायचं नाही. १८८४ मध्येच न्यू जर्सीने सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला होता. पण तो कागदावरच राहिला.

अटलांटिक सिटीत तेच झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून काळ्या लोकांना मिसुरी अ‍ॅव्हेन्यूजवळच्या एका पट्ट्यात ढकललं गेलं. त्या पट्ट्याला चिकन बोन बीच असं चेष्टेचं नाव पडलं, कारण कुटुंबं घरून डब्यात चिकन घेऊन येत. १९६० च्या दशकापर्यंत ही विभागणी चालली. पुढे त्याच लोकांनी ते नाव अभिमानाने मिरवलं आणि आज तो किनारा इतिहासाची खूण म्हणून जपला जातो. घरून डबा घेऊन येणारी कुटुंबं आणि त्यावरून होणारी चेष्टा, हे वाचताना मला आपल्या पिकनिकचे डबे आठवले. आज आपण दशम्या, चटणी आणि भडंग कुठल्याही किनाऱ्यावर उघडून बसतो. तो हक्क आपल्या आधी आलेल्या कुणीतरी भांडून मिळवलेला आहे, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं.

बिल्ल्याचा जन्म

आता त्या बिल्ल्याकडे येऊ. १९२९ मध्ये ब्रॅडली बीच या गावाने पत्र्याचे छोटे बिल्ले काढले. समुद्रस्नानासाठी पैसे घेणारं देशातलं पहिलं गाव म्हणून त्याचं नाव घेतात. कारण अगदी व्यावहारिक होतं. गाव लहान, घरं मोजकी, पण उन्हाळ्यात शहरांतून गर्दी लोटायची. जीवरक्षकांचे पगार, वाळूची साफसफाई, कचरा, पोलीस हा सगळा खर्च गावकऱ्यांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून का भरायचा? १९५० च्या दशकात पार्कवे झाला. घरोघरी गाड्या होत्याच, गर्दी आणखी वाढली आणि राज्याने कायदा करून गावांना वाजवी फी घ्यायची परवानगी दिली. त्याच कायद्यात १२ वर्षांखालच्या मुलांकडून फी घेऊ नये असंही आहे. दारावर कुणी मागितलीच, तर हे लक्षात ठेवा.

इथपर्यंत ठीक. पण हळूहळू काही गावांच्या लक्षात आलं, की बिल्ला हे खर्च भागवायचं साधन आहे तसंच माणसं गाळायची चाळणीही आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर बिलिंगच्या मॉड्यूलमध्ये कुणीतरी गुपचूप अ‍ॅक्सेस कंट्रोल घातला. १९७० मध्ये अ‍ॅव्हन-बाय-द-सी या गावाने गावकऱ्यांना स्वस्त आणि बाहेरच्यांना महाग, असे दर ठरवले. शेजारच्या नेपच्यून सिटी गावाला स्वतःचा समुद्रकिनारा नाही. त्यांनी सरळ कोर्ट गाठलं.

रॅरिटन नदीतले कालव

या खटल्याचं मूळ आपल्या अगदी घराजवळ आहे. एडिसनच्या कडेने वाहणारी रॅरिटन नदी पर्थ अंबॉयजवळ समुद्राला मिळते. आपल्यातले कितीतरी जण तिच्यावरच्या पुलांवरून रोज कामाला जातात. साधारण दोनशे वर्षांपूर्वी तिथे अरनॉल्ड नावाच्या जमीनमालकाने आपल्या शेतालगतच्या नदीपात्रात कालव, म्हणजे ऑयस्टर, पेरले आणि ते आपले आहेत असं जाहीर केलं. मंडी नावाचा माणूस होड्यांचा ताफा घेऊन आला आणि कालव काढून घेऊन गेला. अरनॉल्डने दावा ठोकला. १८२१ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की भरती-ओहोटीचं पाणी आणि त्याखालची जमीन कुणा एकाची नसते. ती जनतेची आहे आणि सरकार तिचं फक्त विश्वस्त आहे. मंडी जिंकला.

ही कल्पना त्याहूनही खूप जुनी. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनच्या काळात कायद्यांचं संकलन झालं. त्यात हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा या गोष्टी निसर्गतःच सगळ्यांच्या आहेत असं नोंदवलेलं आहे. इंग्लंडमार्गे ते तत्त्व अमेरिकेत आलं.

त्याच तत्त्वावर १९७२ मध्ये अ‍ॅव्हनचा निकाल लागला. फी घ्या, पण गावकरी आणि पाहुणा यांना एकच दर. तोवर या तत्त्वाचा उपयोग मासेमारी आणि होड्यांपुरता होता. कोर्टाने सांगितलं, की पोहणं आणि समुद्रकाठी विश्रांती घेणं हाही जनतेचा हक्क आहे.

मग दुसरी पळवाट निघाली. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू सार्वजनिक असली तरी वरची कोरडी वाळू खाजगी आहे ना? बे हेड गावात १९१० पासून रहिवाशांची एक संस्था किनारा सांभाळत होती आणि उन्हाळ्यात दिवसा फक्त सभासदांनाच आत घेत होती. सभासद कोण होऊ शकतं, तर फक्त गावचे रहिवासी. १९८४ मध्ये कोर्टाने सांगितलं, की कोरड्या वाळूतून जाता आलं नाही आणि तिच्यावर बसता आलं नाही, तर समुद्रावरच्या हक्काला काही अर्थच उरत नाही. संस्थेला बाहेरच्यांसाठी दार उघडावं लागलं. २००५ मध्ये केप मे काउंटीतल्या एका खाजगी बीच क्लबलाही हेच ऐकून घ्यावं लागलं. या क्लबने २००३ च्या उन्हाळ्यासाठी नव्या सभासदांना ७०० डॉलर फी लावली होती. आणि २०१९ मध्ये राज्याने हे तत्त्व कायद्यातच लिहून टाकलं.

आपल्याला जवळचं वाटावं असं एक वळण या गोष्टीत आहे. डिसेंबर १९९६ मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टापुढे हिमाचलमधल्या एका मोटेलचं प्रकरण होतं. मोटेलने बियास नदीचा प्रवाहच वळवला होता. 'एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ' या नावाने गाजलेल्या त्या निकालात कोर्टाने रोमन कायद्याचा आणि अमेरिकन निकालांचा आधार घेतला आणि जनविश्वस्ताचं हे तत्त्व भारताच्या कायद्याचाही भाग आहे असं स्पष्ट सांगितलं. त्यामुळे रॅरिटनच्या कालवांवरून कोर्टात मांडला गेलेला विचार आणि कोकणच्या किनाऱ्यावरचा आपला हक्क हे आज एकाच धाग्याने बांधलेले आहेत.

मग आजच्या पाटीचं काय?

इतिहास एवढ्यासाठी सांगितला, की पाटीवरचे सगळे नियम एका मापाने मोजू नयेत. माणसं गाळणारे नियम कोर्टाने एकेक करून काढून टाकले. जे उरले, त्यांतले बरेचसे माणसं किंवा किनारा वाचवणारे आहेत आणि ते आपण मनापासून पाळायला हवेत.

जीवरक्षकांच्या वेळेतच, त्यांनी लावलेल्या झेंड्यांच्या मधेच पोहा. अटलांटिकमध्ये किनाऱ्यापासून आत ओढून नेणारा प्रवाह असतो आणि वरून पाणी उलट शांत दिसतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे थेट पोहत दमून जाऊ नका. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर या, मग वळा. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले, ते आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. शिट्टी वाजवणारा तो पोरगा आपल्याला त्रास द्यायला बसलेला नाही.

वाळूच्या टेकड्यांवर आणि त्यावरच्या गवतावर पाय ठेवू नका. त्या गवताची मुळं वाळू धरून ठेवतात आणि मागची घरं वाचवतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं, तेव्हा वाळूची टेकडी असण्या-नसण्याने काय फरक पडतो हे अख्ख्या शोअरने पाहिलं. फोटोसाठी मुलांना तिथे चढवणं म्हणजे दुसऱ्याच्या घराचा बांध तुडवणं.

सार्वजनिक किनाऱ्यांवर २०१९ पासून राज्यभर धूम्रपानाला बंदी आहे. दारू, कुत्री, मोठे तंबू, कूलर, जेवण यांचे नियम मात्र गावागणिक बदलतात. एका गावात चालतं ते दोन मैलांवर चालत नाही. मंडळाची पिकनिक ठरवताना त्या टाउनशिपला आधी फोन केलेला बरा. चाळीस माणसांची मिसळ घेऊन पोचल्यावर 'इथे जेवण आणता येत नाही' हे ऐकण्यात मजा नाही. आणि फी द्यायची नसेल, तर वाइल्डवुडसारखी वर्षानुवर्षं मोफत किनारा ठेवणारी गावंही आहेत. तिथे पार्किंगचे तेवढे पैसे पडतात.

आमच्यातल्या पहिल्या पक्षाला मी आता सांगतो, की बिल्ला आपल्याविरुद्ध नाही. कायद्याने तो शेजारच्या बंगल्यातल्या माणसाला आणि आपल्याला एकाच भावाने मिळतो. दुसऱ्या पक्षाला सांगतो, की नियम म्हणजे नियम असं म्हणून सगळेच गप्प बसले असते, तर हा एक भावही मिळाला नसता. शेजारच्या गावातल्या साध्या माणसांनी 'हा नियम कशासाठी?' असं विचारलं, म्हणून तो मिळाला.

हाच प्रश्न आता आपल्या कोकणातही उभा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून कासवांची अंडी जपली जातात. पिल्लं समुद्रात सोडताना गावकरी पाहुण्यांना नियम घालतात. मागे राहा, फ्लॅश मारू नका, पिल्लांना हात लावू नका. सुट्टीत आपण मुलांना घेऊन कोकणात जातो तेव्हा डॉलर कमावणारे पाहुणे म्हणून जातो. इथल्या गावाचे नियम शिस्तीत पाळणारे आपण तिथे वाळूवर गाडी घालत असू, तर ते बरोबर नाही. गाव आणि पाहुणा यांच्यातलं नातं दोन्हीकडे सारखंच असायला हवं. किनारा सांभाळायचा हक्क गावाचा, किनाऱ्यावर यायचा हक्क सगळ्यांचा.

येत्या उन्हाळ्यात बोर्डवॉकवर बिल्ला घेताना मुलांनी कुरकुर केली, तर त्यांना ही कालवांची आणि लुईस रोझीनच्या मोज्यांची गोष्ट जरूर सांगा. शाळेच्या पुस्तकातला इतिहास त्यांना कंटाळवाणा वाटत असेल, पण हा त्यांच्या टीशर्टला पिनने टोचलेला आहे!